मेश्रामांची डेझर्ट सफारी

"जेवण झालं का जी?"

मेश्राम माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी ते अगत्य समजलो. पुण्याहून आलेल्या माणसाला कोणी आपणहून जेवणाचं विचारलं की तो जरा गहिवरतोच. मी म्हणालो, "हो हो, अगदी पोटभर."

त्यावर त्यांचा चेहरा पडला. आमची गाडी गॅरेजमध्ये होती, मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जायचं होतं, आणि दोन घरं सोडून नवीनच आलेल्या या गृहस्थांनी आम्हाला सोडायची तयारी दाखवली होती. त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग माझ्या बायकोला, मीनलला न्याहाळलं, आणि म्हणाले, "मग तुम्ही पुढं बसा. वहिनी मागं, डाव्या बाजूनं. काच दोन बोटं उघडी ठेवा."

पहिल्या राउंडअबाउटला, म्हणजे रस्त्यातल्या गोल चौकाला, खुलासा झाला. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये पहिलं राउंडअबाउट यायला मिनिटभर पुरतं आणि दुसरं यायला तेवढंही लागत नाही. "आमच्या धंद्यात भरल्या पोटाचा माणूस मागं बसवत नाहीत जी," मेश्राम समोर बघत म्हणाले. "ओकतो."

त्यांचा धंदा म्हणजे डेझर्ट सफारी. धनराज मेश्राम मूळचे भंडारा जिल्ह्यातले, आणि दुबईत अठरा वर्षं त्यांनी टूरिस्टांना संध्याकाळचं वाळवंट दाखवलं होतं. दुपारी तीनला हॉटेलांतून माणसं उचलायची, शहराबाहेर न्यायची, वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वरखाली घालून त्यांना देवाचं नाव घ्यायला लावायचं, मग एका उंच टेकडीवर थांबून सूर्य मावळताना फोटो काढू द्यायचे, आणि शेवटी तंबूंपाशी उंट, मेंदी आणि जेवण. जेवण शेवटी असतं ते उगीच नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

इथे ते एका गोदामाची व्हॅन चालवत. त्यांची बायको वनिता हॉस्पिटलात नर्स. आमची ओळख व्हायच्या सात वर्षं आधी वनिता नऊ वर्षांच्या मुलीला, समताला घेऊन इंग्लंडला आली. मेश्राम मात्र लगेच आले नाहीत. पाच वर्षं उशिरा आले. का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी पुष्कळ कारणं दिली आणि शेवटी खरं सांगितलं. "तिथं मी कोणीतरी होतो जी. सोळा गाड्यांच्या पुढं माझी गाडी राहायची. सगळे माझ्या चाकोरीतून यायचे."

माणूस काळा, उंच, पोट अजिबात नाही. घरात पाऊल टाकताच "जय भीम" म्हणणार, निघताना अरबीत चला या अर्थी "यल्ला" म्हणणार. त्या दोघांच्या मधे अस्सल भंडाऱ्याची बोली. शर्टाची घडी अशी की आमच्या ऑफिसातले डायरेक्टर लाजावेत. गाडीत बसण्याआधी चारी चाकांना एकेक लाथ घालायची, ती स्वतःच्याच नाही तर दुसऱ्याच्या गाडीलाही. आमच्या समोरच्या इंग्रज शीलाबाईंनी एकदा खिडकीतून हे पाहिलं आणि पोलिसांना फोन करू का म्हणून मला विचारायला आल्या.

कुठल्याही अडचणीवर त्यांचा सल्ला एकच असे: "चढावर थांबायचं नाही." वाळूच्या चढावर गाडी थांबली की रुतते. वर पोचून टेकायचं, नाहीतर उतारावर थांबायचं, पण चढताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. मीनल डॉक्टरेट अर्धवट सोडायच्या विचारात होती तेव्हा तिला त्यांनी हेच सांगितलं. आमच्या बॉयलरच्या माणसाशी मी फोनवर भांडत होतो तेव्हा कुंपणापलीकडून मलाही हेच सांगितलं. मीनलची डॉक्टरेट झाली. बॉयलर अजून तसाच आहे.

या माणसाच्या ज्ञानाचा आम्हाला केवढा फटका बसू शकतो ते पहिल्या बर्फात कळलं. आमचा क्लोज, म्हणजे आमची बंद गल्ली, खोलगट आहे, मेन रोडला लागायला थोडा चढ चढावा लागतो. त्या सकाळी घोट्यापर्यंत बर्फ होता आणि मला दहाच्या मीटिंगला मेडनहेडला पोचायचं होतं. बाहेर येऊन बघतो तर मेश्राम शीलाबाईंच्या गाडीशी उकिडवे बसलेले आणि फुस्स असा आवाज येतोय.

"काय करताय?"

"हवा काढून राहिलो जी. तुमची झाली. चारी चाकं."

मी घड्याळात पाहिलं. ते मात्र अगदी प्रसन्न होते. वाळूत शिरण्याआधी चाकांतली निम्मी हवा काढायची, म्हणजे टायर पसरतं आणि गाडी तरंगते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. वाळूला चालतं ते बर्फाला का चालणार नाही? आणि खरं सांगायचं तर चाललं. क्लोजमधल्या पाच गाड्या त्या चढावरून एकामागून एक अशा सुटल्या की शीलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मेश्रामांनी पुढे उभं राहून हातवारे करून आम्हाला एकाच चाकोरीतून काढलं. अडचण वर पोचल्यावर आली. कौन्सिलने मेन रोडवर रात्रीच बर्फ वितळवायला मीठ टाकलं होतं. काळाकुळकुळीत कोरडा रस्ता, आणि आम्ही पाच जण लिबलिबीत चाकांवर.

"आता पुन्हा हवा भरायची ना?" मी काच खाली करून विचारलं.

मेश्राम गोंधळले. दुबईत वाळू संपते तिथे पंपवाला बसलेलाच असतो. अठरा वर्षं तो तिथे होता, म्हणून तो इथेही असणार असं ते धरून चालले होते. आम्ही पाच गाड्यांची वरात तासाला पंधरा मैलांनी पेट्रोल स्टेशनवर नेली आणि तिथल्या एकुलत्या एका यंत्रापाशी रांग लावली. प्रत्येक गाडीची हवा मेश्रामांनी स्वतः गुडघे टेकून भरली, आणि दर वेळी उठताना "माफ करा जी" म्हणाले. इंग्रज शेजाऱ्यांनाही "जी". माझी मीटिंग बुडाली. शीलाबाईंनी मात्र त्या दिवसापासून त्यांना 'डॅन' म्हणायला सुरुवात केली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. त्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र तशी नव्हती, आणि ती आम्हाला पहिल्याच चहाला दिसली होती.

समता त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, अबोलाही म्हणता येणार नाही, कारण निरोप चालू असत. बाप समोर बसलेला असताना ती आईला म्हणायची, "आई, बाबांना सांग, रिमोट दे." वनिता म्हणायची, "तूच सांग ना." मग ती रिमोटशिवाय राहायची. शाळेत तिला सॅम म्हणत. मराठी बोलायची, पण शब्दांची लिंगं तिच्या मर्जीप्रमाणे बदलत. मेश्राम उत्तर थेट तिलाच देत, हळू आवाजात, हॉटेलातल्या पाहुण्याशी बोलावं तसं. ते ऐकवत नसे.

चहा घेताना त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. दोन जाडजूड अल्बम. सूर्य मावळतोय, गाडीच्या बॉनेटला टेकून मेश्राम उभे, आणि आजूबाजूला लोकांची कुटुंबं. रशियन, गुजराती, जर्मन, केरळी. कुणाचं पोर त्यांच्या खांद्यावर, कुणाचं कडेवर. एका फोटोत चारेक वर्षांची एक मुलगी त्यांची टोपी घालून स्टिअरिंगवर बसली होती. मेश्राम एकेकाचं नाव सांगत होते. त्यांना नावं आठवत होती!

समता जिन्यावरून खाली येत होती. अल्बमकडे न बघता ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दॅट्स हिज फॅमिली, अंकल." आणि पाणी घेऊन वर गेली.

वनिता कप उचलून आत गेली. मीनलने माझ्याकडे बघितलं. मेश्रामांनी अल्बम मिटला, त्याच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "बरोबरच बोलली जी. तिच्या वयाच्या किती लेकरांले मी वाळू दाखवली. तिले नाही दाखवली. वर्षातून एक महिना घरी जायचो, तर ती मले पाहून आजीच्या मागं लपायची." मग अल्बम बाजूला ठेवत म्हणाले, "एकदा तिले बाजूच्या सीटवर बसवून न्यायचं आहे. तेवढंच."

त्यांनी दुबईची तिकिटं काढायचं काढलं होतं. समताने आईकरवी निरोप दिला, की ती त्या जागेचं तोंडही बघणार नाही. इथेही ती त्यांच्या गाडीत बसत नसे. शाळेला रेडवेवरून, सायकलींसाठीच्या वेगळ्या वाटेवरून, सायकलने जायची, पाऊस असला तरी. मेश्राम पाऊस असला की व्हॅन घेऊन दाराशी उभे राहत आणि ती त्यांच्या बाजूने निघून जाई. मी हे आमच्या खिडकीतून कितीदा पाहिलं. मला तिचा राग यायचा आणि मग रागावल्याचं वाईट वाटायचं, कारण चूक तिची नव्हतीच.

मग वाळू सापडली. लेटन बझर्डच्या रस्त्याला मेश्रामांच्या व्हॅनपुढे एक लॉरी होती आणि तिच्यातून पिवळी वाळू भुरभुरत होती. मेश्राम गोदामाचं सामान विसरून लॉरीच्या मागे गेले. त्या भागात वाळूच्या खाणी आहेत, हे इथे वीस वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. एक बंद पडलेली खाण एका हौशी क्लबने घेतली होती. शनिवार-रविवारी तिथे मोठ्या चाकांच्या गाड्या चिखलात लोळवणारे लोक जमत. क्लबचा म्हातारा म्होरक्या कीथ, त्याच्याकडे एक जुनी लँड क्रूझर होती. मेश्रामांनी तिच्या चारी चाकांना लाथा घातल्या आणि दोघांची मैत्री झाली.

संध्याकाळी ते डब्यातून मूठभर वाळू घेऊन आमच्याकडे आले. बोटांत चोळली, वास घेतला. "चांगली आहे. पण ओली आहे."

त्या वर्षी मंडळातल्या ज्येष्ठांना वार्षिक सहलीला कुठे न्यायचं यावर तीन सभा झाल्या होत्या. पुन्हा एकदा राजवाडा नको यावर एकमत होतं, बाकी कशावरच नव्हतं. चौथ्या सभेत मेश्राम उभे राहिले. "डेझर्ट सफारी करू जी. संध्याकाळची. पंचवीस मिनिटांवर आहे."

सभा हसली. पण जुलैच्या एका शनिवारी अकरा ज्येष्ठ, हवेत गारवा असल्याने कानटोप्या घालून, बेडफर्डशरच्या वाळवंटात हजर झाले. मेश्राम पांढऱ्याशुभ्र कडक शर्टात. खाणीच्या एका कडेला तंबूंऐवजी दोन गझिबो लावले होते, आमच्या लाउंजमधला गालिचा अंथरला होता, खजुराची ताटं होती आणि शेगडीवर चिकन आणि वांगी. उंटाऐवजी कीथचा लठ्ठ कुत्रा. चारपासून कोणी काही खायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि ती सर्वांनी मिनीबसमध्ये ढोकळा फस्त करून पाळली होती.

समता आली होती. वनिताने तिला सह्या गोळा करायच्या कामाला लावून आणलं होतं, कारण काहीही झालं तर क्लब जबाबदार नाही अशा कागदावर प्रत्येकाची सही लागे. सह्या झाल्यावर ती कानात हेडफोन घालून वाळूच्या सर्वांत उंच ढिगावर, सगळ्यांपासून लांब जाऊन उभी राहिली.

मेश्रामांनी प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड न्याहाळून कीथच्या लँड क्रूझरमध्ये जागा दिल्या. कंबरदुखीवाले मधे, ढोकळेवाले पुढे. चाकांतली हवा काढली. आणि मग मी पहिल्यांदा त्यांना वाळूवर पाहिलं. राउंडअबाउटला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसणारा तो माणूस इथे एका तळहाताने गाडी फिरवत होता. गाडी ढिगावर तिरपी चढायची, वर क्षणभर टेकायची, आणि सळसळत खाली यायची. आतून कुलकर्णी काकूंच्या किंकाळ्या आणि हसू एकत्र ऐकू येत होतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या गायकवाड काकांनी उतरल्या उतरल्या पुन्हा नंबर लावला. पाऊस भुरभुरला, थांबला, आणि ढगांच्या फटीतून सूर्य असा आला की सगळी खाण पिवळीधमक झाली. मला मेश्रामांचा अभिमान वाटला. शेजारी म्हणून वाटावा त्याहून जरा जास्तच.

तिसऱ्या फेरीला त्यांनी गाडी सर्वांत उंच ढिगाकडे वळवली. मी गाडीत पुढे होतो, मागे तिघे ज्येष्ठ. गाडी चढायला लागली. वर समता उभी होती. तिने हेडफोन काढले होते आणि फोन वर धरला होता, आमच्याकडे. फोटो काढत होती.

मेश्रामांनी पाय काढला.

अर्ध्या चढावर गाडी थांबली, जरा हलली, आणि मागची चाकं आत बसली. त्यांनी सावध होऊन गाडी पुढेमागे करून पाहिली. ती आणखी खाली गेली. अठरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच हे झालं असावं. मेश्रामांनी इंजिन बंद केलं.

आम्ही काकाकाकूंना हळूहळू उतरवून बाजूला घेतलं. कीथ खेचायचा दोर आणायला त्याच्या शेडकडे गेला. आणि वरून समता तरातरा घसरत खाली आली ती सरळ बापासमोर.

"तुम्ही का थांबलात?" ती ओरडली. "सगळ्यांना तर सांगता, नका थांबू, नका थांबू!"

मेश्रामांनी वर ढिगाकडे बोट दाखवलं. "तू... फोटो काढून राहिली होती ना. नीट यावा म्हणून."

"व्हिडिओ होती! व्हिडिओला थांबायला नाही लागत!"

तिच्या लक्षात आलं की नाही देव जाणे, पण मधे आई नव्हती. वनिता खाली शेगडीपाशी चिमटा हातात धरून उभी होती आणि तिने तो खाली ठेवला.

मेश्रामांनी फावडं काढलं, चाकांपुढची वाळू ओढली, फळ्या खुपसल्या. मग शर्टाच्या बाह्या सरसावत म्हणाले, "तू बस. तू हलकी आहेस. चाकाजवळ मलेच पाहावं लागते."

"मी? माझा प्रोव्हिजनल लायसन्स पण नाही आला!"

"इथं रस्ता नाही जी," ते मुलीलाही जी म्हणाले. "फक्त दोनच पायडल आहेत. उजवा हळू दाब. चाक सरळ ठेव. वर पोचेस्तोवर पाय काढू नको."

ती बसली. सीट पुढे ओढता येईना म्हणून एका कानटोपीवाल्याची उशी पाठीला घेतली. मेश्राम बाजूला गुडघ्यांवर बसून चाकाकडे बघत होते. "दे. दे अजून. घाबरू नको." चाकांनी वाळू उडवली, मेश्रामांच्या पांढऱ्या शर्टाची पार वाट लागली, गाडीने एक गचका दिला, फळ्यांवर चढली, आणि सुटली. सुटली ती थांबेचना. सांगितल्याप्रमाणे समताने पाय काढला नाही. गाडी ढिगाच्या माथ्याकडे निघाली आणि मागून मेश्राम सँडल हातात घेऊन वाळूत धावत होते.

"बाबा! आता काय करू? बाबा!"

"वर जा! वर जाऊन मग थांब!"

ती वर जाऊन थांबली. मेश्राम धापा टाकत पोचले, दुसऱ्या बाजूचं दार उघडून बसले. नंतर बराच वेळ गाडी वरच उभी होती आणि आम्हाला फक्त त्यांची डोकी दिसत होती. ते काय बोलले ते मला माहीत नाही. वनितालाही त्यांनी सांगितलं नाही. मी डोळे पुसले आणि मीनलला वाळू गेली म्हणून सांगितलं. वांगी करपली, आणि ती त्या दिवशी सगळ्यांनी कौतुकाने खाल्ली.

एका संध्याकाळने एवढी वर्षं भरून निघत नाहीत. पुढच्याच आठवड्यात समता पुन्हा निरोपांवर आली होती. पण पावसात व्हॅनमध्ये बसायला लागली. कीथने मेश्रामांना शनिवारी गाडी शिकवायला ठेवलं. समता त्यांच्याकडे शिकली, त्यांच्याशी खूप भांडली, इंग्रजीत भांडली, मराठीत भांडली, ड्रायव्हिंग टेस्टला एकदा नापास झाली ते त्यांच्यामुळेच असं क्लोजभर सांगत फिरली. मेश्राम ते ऐकून शीलाबाईंना अभिमानाने सांगत, "माय डॉटर इज व्हेरी अँग्री विथ मी."

दोन वर्षांनी तिला एडिनबरा युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि वनिताने तिथल्याच हॉस्पिटलात नोकरी बघितली. सप्टेंबरमध्ये सगळं बिऱ्हाड हललं. सामान जास्त होतं, म्हणून आमची गाडीही त्यांच्या मागे निघाली. सकाळी निघताना क्लोजमध्ये शीलाबाई रडल्या, मीनल रडली. मेश्राम कोरडे होते, खोके मोजत होते.

स्कॉटलंडच्या सीमेच्या अलीकडे हायवेवरच्या एका सर्व्हिसेसला आम्ही चहाला थांबलो. मी कप घेऊन त्यांच्या गाडीशी गेलो. एवढा वेळ समताच चालवत होती. वनिता पुढे नकाशा बघत होती. मागच्या सीटवर, रजया आणि प्रेशर कुकरच्या मधे, मेश्राम तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. दुसरं कोणी गाडी चालवत असलं की या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, अशी वनिताची नेहमीची तक्रार. मी चहा द्यायला दार उघडलं तेव्हा समताने ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नका, अंकल. झोपू दे त्यांना. घरी पोचली की मी उठवते."

तिने खाली उतरून, बापाच्या पायावरून घसरलेली रजई वर ओढली, दार आवाज न करता लोटलं, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली.